नवसाचा भात आणि बरोबरीत सुटलेली कुस्ती

आमच्या सोनईत हवापालट करायला जायची पद्धत नाही. माणूस गाव सोडतो तो लग्नाला, मर्तिकाला, देवाला, नाहीतर कोर्टाला. त्यामुळे त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर आम्ही घरची पाच माणसं दोन दिवस अकोले तालुक्यातल्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन आलो, तेव्हा मुलीच्या शाळेतल्या बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो "कुणाचं काय बिघडलंय?" असा. कसं होतं, काय पाहिलं, हे कुणी विचारलंच नाही. म्हणून हे लिहून काढते आहे. ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं.

बिघडलं होतं मामंजींच्या गुडघ्याचं. मामंजी म्हणजे माझे सासरे. तरुणपणी पैलवान, नंतर शेतकरी आणि आता नुसता गुडघा. पण खरं सांगायचं तर सहल गुडघ्यासाठी नव्हती. ती एका कुस्तीसाठी होती, आणि ती कुस्ती तीस वर्षांपूर्वीच होऊन गेली होती.

त्याचं असं झालं. श्रीगोंद्याकडच्या एका जत्रेत मामंजींची कुस्ती गेनबा पैलवानाशी लागली. गेनबा तेव्हा मिसरूडही न फुटलेलं पोरगं होतं. पुढं तो एवढा नावारूपाला आला की त्याची तसबीर आमच्या गावातल्या न्हाव्याच्या दुकानात देवांच्या ओळीत लागली. एका सिनेमात तो फक्त शड्डू ठोकून निघून जातो. तेवढ्यासाठी आमच्या गावानं तो सिनेमा तंबूत पुन्हा पुन्हा पाहिला. तर अशा गेनबाशी मामंजींची कुस्ती झाली आणि ती बरोबरीत सुटली. कुणाचीच पाठ मातीला लागली नाही. अंधार पडायला लागला तसे पंच आत आले, त्यांनी दोघांना सोडवलं आणि इनामाचा फेटा मधोमध फाडून अर्धा अर्धा वाटून दिला. अर्ध्या फेट्यानं डोकं झाकत नाही. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पुढं त्याची दुपटी शिवली आणि आमचे हे त्या दुपट्यांत वाढले.

ही गोष्ट आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवली जाते. जावई, व्याही, खतांचा एजंट, जनगणनेचा माणूस, कुणी सुटलेला नाही. गोष्ट "पंच आत आले" इथपर्यंत आली की आत्याबाई "बाई, दूध उतू चाललं!" म्हणून उठतात आणि स्वयंपाकघरात जातात. घरात दूध नसलं तरी जातात. आमच्या ह्यांना लहानपणी शाळेत पोरं 'बरोबरी' म्हणूनच हाक मारायची. आता हे साखर कारखान्यात केमिस्ट आहेत, चष्मा लावतात, पण वडिलांनी गोष्ट सुरू केली की अजून पायातल्या चपला शोधायला लागतात. ह्यांचा त्या गोष्टीवर विश्वास आहे की नाही, ते लग्नाला नऊ वर्षं होऊनही मला कळलेलं नव्हतं. माझा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी गेनबा पैलवानानं संगमनेरच्या अलीकडं रस्त्याला लागून हॉटेल काढलं. तिथलं मटण जिल्ह्यात गाजलं. तेव्हापासून मामंजींचा गुडघा जास्त दुखायला लागला, आणि अकोल्याकडच्या डोंगरात उन्हाळवाडी म्हणून वाडी आहे, तिथल्या गरम पाण्यानं गुडघे सुटतात, हेही त्यांना त्याच सुमाराला आठवलं. सोनईहून उन्हाळवाडीला जायचं तर राहुरी, संगमनेर, अकोले असंच जावं लागतं.

"वाटंत संगमनेर लागतं," मामंजी म्हणाले.

"लागू दे," आत्याबाई म्हणाल्या. "थांबायचं न्हाई."

निघायच्या आदल्या दिवशी मी आणि आत्याबाई दशम्या करत बसलो होतो. मी विचारलं, "थांबलो तर काय बिघडतं, आत्याबाई? एवढा नावाजलेला माणूस, बघू तरी."

त्यांनी दशमी उलटली. मग म्हणाल्या, "आगं, त्यानं वळखलं न्हाई म्हंजी? हजार कुस्त्या खेळलाय त्यो. चार लोकांत म्हनला, कोन तुमी, तर? ह्या मानसाकडं दुसरं काय हाय गं सांगायला?"

जी गोष्ट तीस वर्षं त्यांनी कधी शेवटपर्यंत ऐकली नाही, ती त्यांना एवढी जपायची होती, हे मला नवीन होतं. मला एकदम त्यांच्याबद्दल माया वाटली. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुजी दशमी करपली," आणि करपलीच होती.

सोनई ते भंडारदरा

जीप माझ्या नणंदेच्या यजमानांची होती. तिचं एक दार सुतळीनं बांधलेलं होतं आणि त्या दाराशी कोण बसणार यावर राहुरीपर्यंत चर्चा चालली. शेवटी मी बसले. हे गाडी चालवत होते, शेजारी मामंजी, मागं आत्याबाई, मी आणि आमची मंगल. मंगल सात वर्षांची. तिला गप्प बसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

संगमनेर जवळ आलं तशी हॉटेलची पाटी लांबूनच दिसली. पाटीवर गेनबा पैलवान उघड्या अंगानं उभा होता आणि त्याच्या एका हातात गदा, दुसऱ्या हातात मटणाचं ताट होतं. आमच्या ह्यांनी जीप अशी काही दामटली की मला वाटलं मागं पोलीस लागलेत. आत्याबाईंनी मंगलची मान धरून उलट्या बाजूला वळवली. "त्यो बैल बघ, केवढा हाय!" तिकडं बैल वगैरे काही नव्हता, उसाचं रान होतं. मामंजींनी पाटीकडं पाहिलं, मग वळून मागच्या उघड्या बाजूनं ती बारीक होईपर्यंत पाहिलं.

"आजोबा, ते आपलं हॉटेल गेलं ना?" मंगल म्हणाली.

"येताना लागंल," मामंजी म्हणाले.

अकोले मागं पडलं की मुलूखच बदलतो. आमच्याकडं जमीन कशी ताटासारखी सपाट, कुणाच्या बांधावर कोण उभं आहे ते तीन शेतांवरून दिसतं. इथं डोंगर अंगावर येतात. भाताची खाचरं पायऱ्यांसारखी खाली उतरत गेलेली, बायका कापणीला वाकलेल्या, आणि सगळीकडं ओल्या पेंढ्याचा वास. वाटेत एका घरी आम्ही नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मागून खाल्ला. भाकरी रंगानं काळपट असते. आत्याबाईंनी ती उन्हात धरून दोन्ही बाजूंनी तपासली आणि खाऊन झाल्यावर निकाल दिला, "रंग सोडला तर भाकरीच हाय."

भंडारदऱ्याला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. धरण काठोकाठ भरलेलं. निळं, थंडगार, डोंगराच्या पार बुडापर्यंत पाणीच पाणी. मी सुंदर म्हणायला तोंड उघडलं, तर आत्याबाई काठावरच्या दगडावर मटकन बसल्या. आदल्या साली दुष्काळात आमच्या गल्लीत बैलगाडीतून पाण्याची पिपं यायची आणि त्या पिपापाशी आत्याबाईंचं आणि शेजारणीचं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. त्या पाण्याकडं टक लावून बसल्या आणि म्हणाल्या, "एवढं हुतं व्हय इथं?" घरात चोरी झाल्यावर चोराच्या घरी आपली भांडी दिसावीत तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग पदर खोचून खाली उतरल्या, ओंजळभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "गोड हाय मेलं."

रात्रीचा मुक्काम ह्यांच्या कारखान्यातल्या ओळखीनं विश्रामगृहात झाला. तिथल्या खाटा साहेबांच्या मापाच्या आणि पांघरुणं मंगलच्या मापाची होती, एवढंच सांगते.

उन्हाळवाडीचं कुंड

सकाळी तासाभराच्या खडबडीत रस्त्यानं वाडीवर पोचलो. बहुतेक घरांना कड्या होत्या, माणसं खाचरांत गेलेली. कुंडं दोन. पुरुषांचं मोठं, उघड्यावर. बायकांचं लहान, कारवीच्या काठ्यांचा कूड करून आडोसा केलेलं. वर गंधकाचा वास. मंगलनं नाक धरलं ते जीपमध्ये परत बसेपर्यंत सोडलं नाही. आमच्याकडं पाणी तापवायला बंबात गोवऱ्या घाला, फुंका, डोळे लाल करून घ्या, तेव्हा दोन बादल्या निघतात. इथं ते आपसूक जमिनीतून बाहेर येतं आणि ओढ्याला वाहून जातं. आत्याबाईंना हेही खटकलं.

मामंजींनी कपडे काढून आत लंगोट होता तो दाखवला. मग काठावरची चिमूटभर माती उचलून कपाळाला लावली, मांडीवर शड्डू ठोकला आणि पाण्यात उतरले. तिथं आधीपासून दोन म्हातारे बसलेले होते. ते घाईघाईनं कडेला सरकले.

गुडघा खरोखरच मोकळा झाला. इतका मोकळा झाला, की मामंजींना त्याच्यावर उभंच राहता येईना. शेवटी आमचे हे, कुंडाशेजारच्या देवळाचा गुरव आणि कडेचे दोन म्हातारे अशा चौघांनी मिळून त्यांना वर काढलं. "आता जरा बसा बाबा," गुरव धापा टाकत म्हणाला. "पानी लई लागलं तुमाला."

खरा घोटाळा झाला तो पुढं. आत्याबाईंनी गुडघ्यासाठी नवस बोलला होता. तिथली रीत अशी, की फडक्यात मूठ-मूठ तांदूळ बांधायचे, कुंडाच्या उगमाशी दोरीनं सोडायचे आणि ते शिजले की देवानं ऐकलं. आत्याबाईंनी घरच्या डब्यातले तांदूळ आणले होते. आमच्या बाजरीच्या मुलखात तांदूळ सणासुदीचा, त्यामुळे ते किती जुने होते हे विचारण्यात अर्थ नव्हता. पुरचुंडी सोडली, आम्ही वाट पाहिली. वर काढली, चाचपली, परत सोडली. पुन्हा काढली. भात बाहेरून मऊ आणि आतून खडा.

"यंदा पानी जरा गार हाय," गुरव म्हणाला. "पाऊस झाला ना लई. दुष्काळात कसं, घटकाभरात शिजायचा."

"मंग दुष्काळात यायचं हुतं व्हय आमी?" आत्याबाई म्हणाल्या.

"ह्याचं आता काय करायचं?" मी पुरचुंडीकडं बोट करून विचारलं.

गुरवानं बोटांवर मोजत सांगितलं. टाकायचा नाही. कच्चा खायचा नाही. जनावराला घालायचा नाही. शिजवून घरातल्या सगळ्यांनी खायचा, आणि तोही आजच, आपल्या गावची वेस ओलांडायच्या आत. नाहीतर नवस उलटतो.

"उलटतो म्हणजे काय होतं?" ह्यांनी विचारलं.

"दुसरा गुडगा," गुरव म्हणाला.

मग सुरू झाला चुलीचा शोध. वाडीतली घरं बंद. राजूरला एका खाणावळवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, बाहेरचं धान्य आम्ही चुलीवर चढवत नाही, आणि वर आम्हालाच पाच जेवणं घ्या म्हणून मागं लागला. पुढं एका ओढ्याकाठी आमच्या ह्यांनी तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या, चष्म्यावरची राख पुसली, आणि मग लक्षात आलं की पातेलं आणलेलंच नाही. जीपमध्ये रॉकेलचा रिकामा डबा होता. हे त्याच्याकडं नुसते बघत होते, तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "नवसाचा भात त्या डब्यात? माझ्या मढ्यावर घाला मग." डबा जागच्या जागी राहिला.

इतका वेळ मामंजी जीपमध्ये गुडघ्यावर हात ठेवून शांत बसले होते. आता ते म्हणाले, "संगमनेरच्या पलीकडं एक चूल माज्या म्हाईतीची हाय."

हे आत्याबाईंकडं बघायला लागले. आत्याबाई मांडीवरच्या पुरचुंडीकडं. ती त्यांनी स्वतःच बांधून आणलेली होती.

"चला," त्या म्हणाल्या. "भात शिजवायचा आन् निघायचं. कुस्तीचं नाव काढायचं न्हाई."

"मी कुठं काढलं?" मामंजी म्हणाले. त्यांनी पिशवीतून कोरा रेशमी कोशा फेटा काढला आणि चालत्या जीपमध्ये बांधायला घेतला. कुंडावर जाणाऱ्या माणसाला कोशा फेटा कशाला लागतो, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

पैलवानाचं हॉटेल

हॉटेलात शिरलं की आधी मटणाचा रस्सा नाकात शिरतो, मग तसबिरी दिसतात. पैलवान हार घालून, पैलवान हत्तीवर, पैलवान मंत्र्यांशेजारी. एका काचेच्या पेटीत चांदीची गदा. गल्ल्याशेजारी खाट टाकलेली, कारण तिथल्या कुठल्या खुर्चीत मालक मावत नव्हता. खाटेवर खुद्द गेनबा पैलवान. कान मोडून भज्यासारखे झालेले, मिशा पिकायला लागलेल्या, समोर बिनसाखरेचा काळा चहा. त्याला साखर झाली होती असं नंतर कळलं. चारचौघांना तुपाचा शिरा खाऊ घालायचा आणि आपण काळा चहा प्यायचा, असं त्याचं चाललं होतं.

आत्याबाई पदर सावरून सरळ त्याच्यासमोर गेल्या आणि पुरचुंडीची हकीकत सांगितली. राजूरसारखंच इथं होतंय की काय, असं मला वाटत होतं.

"द्येवाचा भात हाय ना, मावशी? मंग इचारता काय?" पैलवान म्हणाला. "मटनाच्या चुलीवर नगं, पल्याडची चूल मोकळी हाय. पातेलं घासून घ्या आन् चढवा तुमीच."

त्याचा आवाज एवढ्या मोठ्या देहाच्या मानानं अगदी मऊ होता. आत्याबाई आत गेल्या. आम्ही चौघं एका बाकावर बसलो. मामंजी उठून पुढं गेले नाहीत. त्यांनी फेट्याचा शेमला नीट केला आणि ते पैलवानाकडं पाहत राहिले. पैलवानाची नजर दोनदा आमच्यावरून फिरली आणि पुढं गेली. मामंजींनी शेमला पुन्हा नीट केला.

तेवढ्यात एक म्हातारा लाल पागोटेवाला आत आला आणि पैलवानाला हात जोडून म्हणाला, "वळखलं का? कोपरगावच्या फडात आपली झाली हुती."

पैलवान खाटेवरून उठला. त्यानं त्या म्हाताऱ्याचा हात धरून वर केला आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाला, "वळखीन न्हाई तर! बघा रं, ह्या वस्तादांनी मला चितपट केलं हुतं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा हसता हसता रडला आणि त्यानं दुसरं ताट मागवलं.

आमच्या बाकावर पाणी ठेवणाऱ्या माणसाला ह्यांनी हळूच विचारलं, "खरंच ह्यांनी पाडलं होतं का हो?"

"कशाचं काय," तो म्हणाला. "रोज दोघं-तिघं येत्यात. पैलवान समद्यांना त्येच सांगत्यात. म्हातारी मानसं खूश हून जात्यात."

ह्यांचा चेहरा उतरला. "भात झाला की बांधून घेऊ," ते माझ्या कानात म्हणाले. "वाटेत खाऊ. दादांना इथून उठव." हे वडिलांना दादा म्हणतात. पण मामंजी उठलेच होते. एक पाय ओढत, भिंतीला हात न लावता, ते खाटेपर्यंत गेले. आत्याबाई नेमक्या त्याच वेळी पळी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तिथंच थबकल्या.

"राम राम," मामंजी म्हणाले. "सोनईचा मी. श्रीगोंद्याकडच्या जत्रंत आपली कुस्ती झाली हुती. तुमी पोरसवदा हुता."

पैलवानानं त्यांच्याकडं पाहिलं. मला तरी त्या नजरेत ओळखीचं काही दिसलं नाही. पण तो उठला, त्यानं मामंजींचा हात धरला आणि वर केला. "व्हय की! बघा रं, ह्या वस्तादांनी मला—"

मामंजींनी हात खाली ओढला.

"न्हाई," ते म्हणाले. "तुमची पाठ लागली न्हवती. बरोबरीत सुटली."

पैलवान म्हणाला, "आसंल. पर मला वाटतं तुमीच मला—"

"उगं कायबी बोलू नगा," मामंजींचा आवाज चढला. "मी हुतो तिथं. बरोबरीत सुटली."

"आवो, म्हनत्यात तर घ्या की!" दारातून आत्याबाई ओरडल्या. "कुनाचं काय जातंय?"

"खोटं हाय त्ये!" मामंजी ओरडले. त्यांना एवढं चिडलेलं मी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. सगळ्या जगानं ज्या माणसाला आयता विजय देऊ केला, तो माणूस आपल्या बरोबरीसाठी भांडत होता. जी गोष्ट मी इतकी वर्षं थाप समजत होते, ती थाप असती तर ह्या घटकेला तिला वाढायला किती सोपं होतं.

पैलवान हळूच खाटेवर बसला आणि त्यानं मामंजींना शेजारी बसायला जागा केली. "खरं सांगू का, काका," तो आवाज उतरवून म्हणाला, "मला न्हाई आठवत. लई कुस्त्या झाल्या. पाडलं म्हनून जेवून जानारे पुष्कळ येत्यात. बरोबरीवर भांडनारं पहिलंच मानूस बघतोय. सांगा बरं, कशी झाली?"

आणि मामंजींनी गोष्ट सांगितली. आम्ही हजारदा ऐकलेली, शब्दाला शब्द तीच, फक्त ह्या वेळी ऐकणारा स्वतः तिच्यात होता. पैलवान लहान पोरासारखा मान पुढं काढून ऐकत होता. मध्येच विचारत होता, "मंग? मंग मी काय क्येलं?"

"तुमी ढाक लावली," मामंजी म्हणाले. ढाक म्हणजे समोरच्याचा हात दाबून धरायचा, पायात पाय घालायचा आणि त्याला उलटा टाकायचा.

पैलवानानं मान हलवली. "न्हाई, न्हाई. हितं चुकताय तुमी. त्या वयात मला ढाक येतच न्हवती."

"येत न्हवती म्हनून तर बरोबरीत सुटली!" मामंजी म्हणाले. "तुमचा डावा पाय मागं राह्यचा. राह्यला की मी निसटायचो. पुन्हा लावली, पुन्हा राह्यला. डावा पाय येळंवर आला असता तर मी हितं बसलो नसतो."

पैलवानानं आपल्या डाव्या पायाकडं पाहिलं. मग विजार थोडी वर केली आणि पोटरीवरून हात फिरवला.

"ह्या पायावर आमच्या वस्तादांनी वरीसभर छड्या मारल्या," तो म्हणाला. "मागं राह्यतो म्हनून. त्ये मला आन् वस्तादांना म्हाईत. वस्ताद तर गेले."

"आन् ज्याला लावली त्याला म्हाईत," मामंजी म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला आता आठवलं का?" मंगलनं विचारलं. आम्ही कुणी हे विचारायचं धाडस केलं नसतं.

"न्हाई, पोरी," पैलवान म्हणाला. "आठवत कायबी न्हाई. पर बरोबरीत सुटली. ह्यात वाद न्हाई."

मग तो उठून उभा राहिला. मामंजींचा हात त्यानं धरला नाही, नुसता त्यांच्या खांद्याला खांदा लावला आणि म्हणाला, "आयका हो! ह्यांची आन् माझी कुस्ती बरोबरीत सुटली!"

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बरोबरीला टाळ्या पडत नसतात. लोक परत रश्श्यात भाकरी कुस्करायला लागले. मामंजी मात्र असे बसले होते, की त्यांना आता कुणी काहीही दिलं असतं तरी नको होतं. आमच्या ह्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, आणि परत काढून पुसला.

भात झाला. नवसाच्या दिवशी मटण चालत नाही, त्यामुळे जिल्ह्यात मटणासाठी गाजलेल्या हॉटेलात आमच्या घरच्या पाचही जणांनी मीठ घालून कोरा भात खाल्ला. शेजारच्या ताटांकडं मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर नवस तिथंच उलटला असता. आत्याबाईंनी सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात घासभर उरला तो एका ताटलीत घेतला, बोटानं मधोमध रेघ ओढली आणि ताटली मामंजी आणि पैलवान यांच्यामध्ये ठेवली.

"डागदरनं भात बंद केलाय, मावशी," पैलवान म्हणाला. "आन् घरच्यांनीच खायचा ना ह्यो?"

"बरोबरीतला मानूस काय परका आसतो व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. "खावा गप."

दोघांनी रेघेपर्यंत आपापला भात खाल्ला. पैलवानानं आम्हाला शिऱ्याचा द्रोण बांधून दिला, जीपपर्यंत पोचवायला आला आणि सुतळीच्या दाराकडं पाहून म्हणाला, "ह्ये दार कुनी लावलंय? गाठ चुकलीय." त्यानं ती सोडून नव्यानं मारली. ती गाठ अजून कुणाला सुटलेली नाही. माझ्या नणंदेचे यजमान तेव्हापासून दुसऱ्या दारानं चढतात.

घरी

गुडघा आहे तसाच आहे. आत्याबाईंच्या मते भात आधी अर्धाच शिजला होता, त्यामुळे देवानं अर्धंच ऐकलं. दुसरा गुडघा मात्र ठणठणीत आहे, आणि तो नवसानंच राहिला असं त्या सांगतात.

परवा मंगलच्या शाळेचे नवे हेडमास्तर घरी आले. चहा झाला. मामंजींनी घसा साफ केला. ह्यांनी सवयीनं चपला शोधल्या, सापडल्या, पण घातल्या नाहीत. गोष्ट चालू झाली. मी आत्याबाईंकडं पाहत होते. त्या उंबऱ्याशी सूप घेऊन गहू निवडत बसल्या होत्या आणि आत चुलीवर दूध होतं, खरंखुरं.

"आन् मग," मामंजी म्हणाले, "पंच आत आले—"

आतून दूध फसफसल्याचा आवाज आला. चूल विझल्याचा वासही आला. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. सुपातला एक खडा उचलून त्यांनी बाहेर टाकला.

"डावा पाय राह्यला," त्या म्हणाल्या. "डाव्या पायाचं सांगा की आधी."